झाड बारावर पडलं पाहिजे

कॅबर, म्हणजे फेकायचं झाड, किती लांब गेला, हे कोणी मोजत नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या हायलँड गेम्सचे नुसते फोटो पाहिलेल्यांना हे आधी सांगावं लागतं, कारण फोटोत दिसते ती फक्त ताकद. किल्ट, म्हणजे तो गुडघ्यापर्यंतचा घागरा, घातलेला धिप्पाड गडी आणि त्याच्या खांद्याला टेकलेला, साल काढलेल्या झाडाचा अख्खा बुंधा. लांबी सहा मीटरच्या आसपास, वजन कधी कधी ऐंशी किलोपर्यंत. एक टोक जाड, दुसरं निमुळतं, आणि निमुळतं टोक खाली. दोघं-तिघं मिळून तो उभा करून देतात. खेळाडू खाली बसतो, बोटांत बोटं गुंफून दोन्ही तळवे बुंध्याच्या बुडाखाली सरकवतो आणि उठतो. कित्येकांचं इथेच संपतं. जो उठतो त्यानं तोल सांभाळत धावायचं, एकदम थांबायचं आणि सगळा जोर लावून हात वर उचलायचे. वरचं जाड टोक पुढे जमिनीवर आपटायला हवं, बुडाचं टोक हवेतून फिरून पलीकडे जायला हवं आणि झाड खेळाडूच्या अगदी नाकासमोर सरळ पडायला हवं. पंच त्याच्या मागोमाग धावत असतो. त्याच्या डोळ्यांसमोर मनातल्या घड्याळाची तबकडी असते, आणि खेळाडूच्या नाकासमोरची दिशा म्हणजे बारा. टोक बारावर पडलं की पूर्ण गुण. साडेअकरावर किंवा एकवर पडलं की थोडे कमी.

आणि कोणालाच झाड उलटवता आलं नाही तर? मग जुन्या रिवाजाप्रमाणे करवत आणतात, जाड टोकाचा एक तुकडा कापून टाकतात आणि पुन्हा सगळ्यांना संधी देतात. एकदा कोणी ते उलटवलं की त्या झाडाला पुन्हा करवत लागत नाही. करवत चालू असताना मैदानात जो उत्साह असतो तो मला फार आवडतो. हरलेल्या खेळाडूंपैकीच एखादा झाड धरून बसलेला असतो आणि बाकीचे किती कापायचं यावर मतं देत असतात.

ब्रेमारचे गेम्स सगळ्यांना ठाऊक असतात. सप्टेंबरचा पहिला शनिवार, राजघराण्याची हजेरी, टीव्हीचे कॅमेरे. 1848 मध्ये व्हिक्टोरिया राणी तिथे पहिल्यांदा गेली आणि तेव्हापासून त्या गावाचं नाव झालं. पण मला विचाराल तर मी लोनाखला जायला सांगेन. अबरडीनहून पश्चिमेला गाडीनं निघालं की आल्फर्डनंतर रस्ता अरुंद होत जातो, डॉन नदी कधी डावीकडे कधी उजवीकडे येते, आणि तासा-सव्वा तासानं स्ट्रॅथडॉनचं खोरं लागतं. तिथे बेलाबेग नावाची छोटीशी वस्ती आहे. मैदान तिथेच. वर्षातले बाकीचे दिवस तिथे मेंढ्या, गवत आणि पाऊस. ऑगस्टचा चौथा शनिवार आला की हजारो माणसं.

पहिल्यांदा जाणारा गोंधळतो, कारण सगळं एकाच वेळी चालू असतं. मैदानाच्या कडेनं धावपटूंची शर्यत, मधे एका कोपऱ्यात गोळा, दुसऱ्या कोपऱ्यात हातोडा, लाकडी मंचावर मुली नाचतायत, त्यांच्यासाठी एक पायपर, म्हणजे बॅगपाइपवाला, वाजवतोय, आणि लांब झाडाखाली दुसरा पायपर एकटाच पंचांसमोर येरझाऱ्या घालत संथ, गंभीर असं काहीतरी वाजवतोय ज्याचा नाचाशी काही संबंध नाही. या प्रकाराला ते पीब्रोख म्हणतात. आधी मूळ धून, मग तिचे एकेक विस्तार, बोटांची कामं वाढत वाढत जातात आणि शेवटी पुन्हा तीच साधी धून. बॅगपाइपला सूर नऊच, आणि आवाज लहान-मोठा करता येत नाही, मधे थांबवताही येत नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तर त्यांच्या मधे क्षणभराचा दुसरा सूर घालून ते तोडावे लागतात. वादकाची सगळी कसोटी त्या क्षणभराच्या सुरांत असते. गर्दी तिकडे फारशी फिरकत नाही. पंच मात्र डोळे मिटून बसलेले असतात.

मी बसते ती हातोड्याच्या जवळ. ऑलिम्पिकचा हातोडा तारेला बांधलेला असतो आणि खेळाडू स्वतःभोवती गिरक्या घेतो. इथला हातोडा म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला धातूचा गोळा, एक सव्वासात किलोचा आणि एक दहा किलोचा. गिरकी नाही. खेळाडू फेकण्याच्या दिशेला पाठ करून उभा राहतो आणि पाय जागचे हलवायचे नाहीत. त्यासाठी त्याच्या बुटांच्या पुढे पोलादी पाती बसवलेली असतात. फेकण्याआधी तो पात्यांनी माती उकरतो, पाय आत रोवतो, पुन्हा हलवून बघतो, पुन्हा रोवतो. हाताला चिकट राळ चोपडतो. मग दांडा डोक्याभोवती फिरायला लागतो. पहिली फेरी सावकाश, दुसरीत दांडा वाकलेला दिसतो, तिसरीत त्याचा आवाज ऐकू येतो. सोडल्यावर तो खेळाडू पुढे पडू नये म्हणून मातीत रोवलेली ती दोन पातीच त्याला धरून असतात. फेक झाली की तिथे गवतात दोन खोल चिरा राहतात. दिवसाच्या शेवटी ती जागा नांगरल्यासारखी झालेली असते.

वजनं फेकण्याचे प्रकारही असेच उघडे-वाघडे. 56 पाउंडांचं, म्हणजे जवळजवळ साडेपंचवीस किलोंचं लोखंडी वजन, वर कडी लावलेलं. ते एका हातानं दोन पायांमधून झुलवायचं आणि डोक्यावरून मागे, आडव्या दांडीच्या पलीकडे टाकायचं. चांगले खेळाडू साडेचार-पाच मीटर उंचीची दांडी पार करतात. वजन वर गेलं की सगळे एकदम मान वर करतात आणि खेळाडू पटकन बाजूला होतो, कारण जे वर जातं ते तिथेच खाली येतं.

या मुलखातला सगळ्यात मोठा गडी डोनाल्ड डिनी. 1837 मध्ये स्ट्रॅथडॉनच्या दक्षिणेला, डी नदीच्या खोऱ्यात अबॉइनच्या जवळ जन्मलेला, गवंड्याचा मुलगा आणि स्वतःही गवंडी. डी नदीवरच्या पोटार्कच्या पुलाच्या दुरुस्तीसाठी वापरलेले दोन ग्रॅनाइटचे धोंडे तिथे पडून होते, लोखंडी कड्या ठोकलेले. दोन्ही मिळून सुमारे 332 किलो. 1860 मध्ये डिनीनं दोन हातांत दोन धोंडे उचलले आणि पुलाची रुंदी पार करून गेला. धोंडे अजून पोटार्कलाच आहेत, आणि जगभरातले ताकदवान लोक ते जमिनीपासून नुसते सुटावेत म्हणून वर्षानुवर्षं तयारी करून येतात. 2018 मध्ये ली हॉलंड-कीन या स्कॉटिश बाईनं ते हाताला पट्टे न बांधता उचलले. मी तिथे उभी राहून एका कडीला हात लावून बघितला. कडी गार आणि जाड, मूठ पूर्ण मिटत नाही. किलोचे आकडे वाचून जे कळलं नव्हतं ते त्या न मिटणाऱ्या मुठीनं कळलं.

डिनी पैशासाठी खेळायचा, आणि ते लपवायचा नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जिथे जिथे स्कॉटिश लोक जाऊन राहिले होते तिथे तिथे जाऊन त्यानं बक्षिसं मारली. हायलँड गेम्समध्ये रोख बक्षीस पहिल्यापासून आहे, आणि म्हणूनच हौशी खेळाच्या जुन्या नियमांत इथल्या खेळाडूंना जागा नव्हती. एकदा बक्षिसाचे पैसे घेतले की तो माणूस व्यावसायिक ठरायचा आणि ऑलिम्पिकचं दार त्याला बंद व्हायचं. हे नियम ज्यांना पोटासाठी राबावं लागत नव्हतं अशा लोकांनी केले होते. गवंडी, लोहार, शेतगडी दिवसाची मजुरी बुडवून येणार, तर त्याला काही मिळायला नको? आपल्याकडे जत्रेत रेवड्यांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत जे चालतं, त्यात कधी कोणाला कमीपणा वाटला नाही. इथे बक्षिसाची पाकिटं वाटताना बघितली की मला तो फड आठवतो. शर्यतींतही असाच व्यवहारी शहाणपणा आहे. वेगवान धावपटू मागून सुटतो आणि कमी वेगाचा काही यार्ड पुढून. शेवटच्या वीस पावलांत सगळे एका रेषेत येतात आणि पन्नाशीचा माणूसही जिंकू शकतो.

पण लोनाखचं खरं वेगळेपण खेळांत नाही, मिरवणुकीत आहे. सकाळी आठच्या सुमारास खोऱ्यातले पुरुष जमतात, फोर्ब्स, वॉलेस, गॉर्डन या कुळांचे टार्टन, म्हणजे त्या त्या कुळाचं चौकड्यांचं कापड, अंगावर, हातात लांब भाले आणि जुन्या पद्धतीच्या लोखाबर कुऱ्हाडी, पुढे पायपर आणि ढोल. मग ते मैलोन्‌मैल चालत खोऱ्यातल्या घराघरांसमोर थांबतात. घरमालक बाहेर येतो, त्यांना व्हिस्कीचा एकेक घोट देतो, ते त्याच्या नावानं आरोळी देतात आणि पुढे निघतात. मागून एक घोडागाडी येत असते, ज्याला पुढे चालवणार नाही त्याच्यासाठी. दुपारी एकच्या सुमारास ते मैदानात शिरतात तेव्हा खेळ थांबतात आणि सगळे उभे राहतात. त्या रांगेत डॉक्टर असतो, मेंढपाळ असतो, तेल कंपनीत काम करणारा असतो, शाळकरी पोरंही असतात. स्कॉटिश विनोदवीर बिली कॉनोली याच खोऱ्यातल्या कँडाक्रेग हाउसमध्ये राहायचा तेव्हा त्याच्याबरोबर हॉलिवूडचा नट रॉबिन विल्यम्सही इथे यायचा. गावकरी ते आवडीनं सांगतात, पण रांगेत आपला नातू कितवा होता हे त्याहून आवडीनं सांगतात.

हे सगळं चालवणारी संस्था म्हणजे लोनाख हायलँड अँड फ्रेंडली सोसायटी. स्थापना 1823. संस्थापक सर चार्ल्स फोर्ब्स, न्यू आणि एडिनग्लासी या जहागिरींचे बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेनं चालणारा 'सर' हा किताब असलेले. मी हे नाव पहिल्यांदा वाचलं आणि पुढे शोधत गेले, तर मुंबईतच येऊन पोचले.

याच खोऱ्यातल्या जॉन फोर्ब्सनं 1767 मध्ये मुंबईत व्यापार सुरू केला. त्याच पेढीत नात्यातला तरुण चार्ल्स आला आणि पुढे तिचा प्रमुख झाला. काळा घोड्याजवळ ज्या रस्त्यावर निळं सिनेगॉग आहे, आजचा डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग, तो जुन्या मुंबईकरांचा फोर्ब्स स्ट्रीट. टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या त्या पायऱ्यांच्या इमारतीत, एल्फिन्स्टन आणि माल्कम या गव्हर्नरांबरोबर चार्ल्स फोर्ब्सचाही पुतळा आहे, शँट्री या नामवंत शिल्पकारानं घडवलेला, आणि त्यासाठी वर्गणी दिली ती मुंबईच्या लोकांनी. तो गव्हर्नर नव्हता, सेनापती नव्हता, व्यापारी होता. आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "अगं, म्हणजे आपल्या ॲक्वागार्डवाला फोर्ब्स?" हो, तोच. युरेका फोर्ब्समधलं फोर्ब्स हे त्याच पेढीचं नाव. आमच्या गिरगावच्या स्वयंपाकघरात भिंतीवर ते नाव मी लहानपणापासून रोज बघितलं होतं.

चार्ल्स फोर्ब्स मुंबईहून परतला, पार्लमेंटात गेला आणि तिथे हिंदुस्थानातल्या लोकांच्या बाजूनं बोलत राहिला. शेवटच्या काळात मुंबईकरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी त्यानं मोठी रक्कम दिली, असं त्याच्या चरित्रात नोंदवलं आहे. हे वाचून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण हा पैसा कुठून आला तेही लक्षात ठेवावं लागतं. कंपनी सरकारच्या छायेत वाढलेला व्यापार तो. मुंबईच्या अशा पेढ्या त्या सरकारला कर्जं देत होत्या आणि ते सरकार मराठ्यांशी लढत होतं. त्या पैशातून फोर्ब्सनं 1831 मध्ये स्ट्रॅथडॉनमध्ये कॅसल न्यू हा वाडा उभारला. 1927 मध्ये तो पाडला आणि त्याचा दगड अबरडीन विद्यापीठाच्या एल्फिन्स्टन हॉलच्या बांधकामात गेला. मी त्या हॉलच्या बाजूनं नेहमी जाते.

दुसरीकडून बघितलं तर किल्टही आपल्याकडे पोचला होता, आणि तो खेळायला नव्हे. 16 एप्रिल 1746 ला कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बंडखोर पाठीराख्यांचा, पराभव झाला आणि सरकारनं हायलँडच्या लोकांची हत्यारं काढून घेतली, पुरुषांच्या किल्टवर आणि टार्टनवर बंदी घातली. ती 1782 पर्यंत होती. बंदीतून सूट फक्त सैनिकांना. किल्ट घालायचा असेल तर राजाच्या फौजेत भरती व्हा, असा तो मामला. अशाच हायलँड पलटणी 23 सप्टेंबर 1803 ला आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ असईला, ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या हाताखाली शिंद्यांच्या तोफांसमोर उभ्या होत्या. 74व्या पलटणीतली निम्म्याहून अधिक माणसं त्या एका दिवसात मारली गेली किंवा जखमी झाली. शिंद्यांकडचे किती गेले त्यांची तर नावंही कोणी लिहिली नाहीत. मी असईला गेलेली नाही. जायचं आहे.

म्हणून लोनाखच्या रांगेतले भाले मला नुसती शोभा वाटत नाहीत. 1823 मध्ये संस्था निघाली तेव्हा बंदी उठून चाळीसच वर्षं झाली होती. हत्यार घेऊन उघड्यावर चाललं तर काय होतं, हे ज्यांच्या बापानं सांगितलं होतं अशी माणसं खोऱ्यात होती. त्याच्या आदल्या वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला होता आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं सगळ्या शहराला टार्टन नेसवलं होतं. त्यामुळे अभ्यासक म्हणतात की हायलँडची ही सगळी परंपरा श्रीमंतांनी त्या काळात बसवलेली आहे. त्यात तथ्य आहे. त्याच सुमारास, 1811 ते 1821 दरम्यान, सदरलंडमध्ये जमीनदारांनी मेंढ्यांसाठी हजारो कुटुंबं घरांतून काढली. एका हातानं माणसं हाकलायची आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या पोशाखाचे सोहळे करायचे, याचा राग यायलाच हवा आणि मला येतो. पण पिढ्यान्‌पिढ्या ऑगस्टमध्ये पहाटे उठून किल्टच्या घड्या बसवणारा मेंढपाळ जमीनदारानं सांगितलं म्हणून उठत नाही. आता तर जमीनदाराची ती हवेलीही नाही. मैदान आखणं, गाड्या लावायला कापलेलं शेत मोकळं करणं, नाचाच्या मुलींना पिना पुरवणं, चहाच्या तंबूत स्कोनची आणि टॅब्लेट नावाच्या गोड वड्यांची ताटं भरणं, हे सगळं खोऱ्यातली माणसं बिनपगारी करतात. परंपरा कोणी बसवली यापेक्षा आज ती कोण उचलतंय, याकडे मी जास्त बघते.

एका गोष्टीची मात्र मला सल आहे. संस्थेच्या मूळ उद्दिष्टांत दोन गोष्टी जतन करायच्या म्हटल्या होत्या: हायलँडचा पोशाख, आणि शक्य होईल तेवढी हायलँडची भाषा. पोशाख टिकला. ती भाषा, गेलिक, या खोऱ्यातून गेली. 1872 च्या शिक्षण कायद्यानं शाळा सक्तीच्या झाल्या, त्या इंग्रजी शाळा. त्यांत गेलिकला जागा नव्हती, आणि घरातल्यांनीही मुलांच्या भल्यासाठी बोलणं सोडलं. आज मैदानात लाउडस्पीकरवर इंग्रजी ऐकू येतं, चहाच्या रांगेत डोरिक, म्हणजे अबरडीनकडची रांगडी स्कॉट्स बोली. "फिट लाइक?" म्हणजे कसं काय. गेलिक उरली ती नाचांच्या नावांत, धुनांच्या नावांत आणि डोंगरांच्या नावांत. लोनाख हेही एका डोंगराचंच नाव, आणि फोर्ब्स कुळाची युद्धातली आरोळीही तीच.

उत्सवानं अंगानं करायच्या गोष्टी टिकवल्या. धोंडा, हातोडा, पावलं, पाइपवरची बोटं. वर्षातून एकदा मैदानात आणून त्या जगवता आल्या. भाषेला वर्षातला एक दिवस पुरत नाही, तिला रोजचं घर लागतं. परदेशात मुलं वाढवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल ते मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. गणपतीला ढोल-ताशा आणि नऊवारी आमच्याकडेही जोरात असते. घरी परतताना गाडीत मुलं आपसात कुठल्या भाषेत भांडतात, हा प्रश्न मात्र त्या दिवशीही आमच्याबरोबर गाडीत असतो.

मागच्या वेळी बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. जन्म याच खोऱ्यात, सगळं आयुष्य मेंढ्यांमागे. मी गेलिकचा विषय काढला. त्यांना गेलिकचं एक वाक्यही येत नव्हतं. पण समोरच्या उतारावरच्या प्रत्येक शेताचं, ओढ्याचं, टेकाडाचं नाव येत होतं, आणि ती सगळी नावं गेलिक होती. कुठल्या नावाचा अर्थ काय हे त्यांना सांगता येईना, पण कुठल्या शेतात पाणी साचतं आणि कुठल्या टेकाडावर बर्फ सगळ्यात उशिरा वितळतो हे नावासकट सांगत होते. मी फोनवर ती नावं टिपून घ्यायला लागले. त्यांनी प्रत्येक नाव दोन-तीनदा म्हणून दाखवलं, माझा उच्चार सुधारला. पाच-सहा नावं झाली असतील, तेवढ्यात रस्सीखेचीचे दोन संघ मैदानात आले. आजोबा उठले. त्यांचा नातू दोराच्या अगदी शेवटी, दोर अंगाभोवती घेऊन उभा होता, आणि त्यांना त्याला ओरडून सांगायचं होतं की टाचा आणखी खोल रोव.